रस्ता बंद हाय

आक्काचा फोन आला तेव्हा गुंडूआण्णा म्हशीखाली धार काढत बसला होता. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, आणि म्हैस अशी नखरेल की मध्येच हात काढला तर दूध चोरायची. म्हणून त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, फोन त्याच्या कानाला लावून धरला. फोनचा आवाज मोठा होता. गोठ्यात उभ्या असलेल्या सगळ्यांना तो ऐकू जात होता.

"गुंडू, ये की रं एकदा," आक्का म्हणाली. "लई दीस झालं बगून. मला बरं वाटंना झालंय."

"काय हुतंय?"

"काय हुतंय म्हंजे, जेवान जात न्हाय. कशात मन लागत न्हाय. तू यिऊन बसलास म्हंजे चार घास जातील."

"आक्का, कसा यिऊ? रस्ता बंद हाय की."

"समदाच?"

"समदाच. टीव्ही बगत न्हाईस व्हय? पोलीस ठोकाय लागल्यात. उगडला की पयल्यांदा तुझ्याकडंच येतो बग."

आक्का म्हणाली, "बरं बरं. तोंडाला बांधत जा. शुगरची गोळी चुकवू नगं. मी हाय की हितंच, मी कुठं जातो?"

फोन बंद झाला. शालूबाईनं तो पदराला पुसला आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला. त्या खिशात दूध संस्थेचा पास होता.

आता या पासाचं सांगितलं पाहिजे. शिरोळकडच्या त्यांच्या गावात दूध संस्था होती, आणि संस्थेचे कॅन आपल्या जुन्या एम-एटी गाडीवर लादून हमरस्त्याला टँकरपर्यंत पोचवायचं काम आण्णा गेली पंधरा वर्षं करत होता. टाळेबंदी लागली तेव्हा संस्थेनं त्याला कागद करून दिला. फोटो, शिक्का आणि वर लाल शाईत 'अत्यावश्यक सेवा'. या कागदावर पंपावर पेट्रोल मिळे आणि नाक्यावरचे पोलीस काठी हलवून पुढं सोडत. गावात असे तीनच पास होते. म्हणजे रस्ता बंद होता हे खरं, पण जगाला होता तितका तो आण्णाला नव्हता. हे त्याला ठाऊक होतं आणि शालूबाईलाही ठाऊक होतं. दोघंही त्यावर बोलली नाहीत.

आण्णा भ्याला होता. बासष्ट वर्षांचा माणूस, अंगात शुगर, आणि साठीच्या वरच्यांनी उंबरा ओलांडू नये असं टीव्हीवरची बाई दिवसातून दहा वेळा सांगत होती. त्यात बाहेर जाऊन आलेल्याला गावातल्या शाळेत चौदा दिवस कोंडत होते. दोन म्हशी, शालूबाईची धरलेली कंबर, चौदा दिवस. निमित्त चांगलं होतं आणि अगदी खोटंही नव्हतं. भित्र्या माणसाला असंच निमित्त लागतं.

आक्का, म्हणजे झुंबरबाई, ही त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि ती बारा वर्षांची. तिनं याला कडेवर घेऊन भाकरी थापल्या. लग्न होऊन ती मलकापूरच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला असलेल्या एका वाडीत गेली. गेल्या वर्षी कृष्णेला पूर आला आणि आण्णाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं, तेव्हा आण्णा, शालूबाई आणि दोन म्हशी असं सगळं बिऱ्हाड आक्काच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. वाडीची माणसं टेम्पोकडं धावत आली होती. "पावणं आलं, पावणं आलं" म्हणत त्यांनी म्हशीसुद्धा हातानं धरून उतरवल्या होत्या. महिनाभर आक्कानं सगळ्यांना सांभाळलं. निघताना आण्णा म्हणाला होता, "आक्का, तू हाक मारलीस की एका पायावर येतो." असं बोलायला काय जातं?

फोननंतर दिवस एकामागून एक तसेच जात राहिले. पहाटे शेण, मग धारा, मग संस्था. संस्थेपुढं चुन्यानं गोल आखले होते आणि ज्यानं त्यानं आपली किटली घेऊन आपापल्या गोलात उभं राहायचं होतं. बोलायचं तर ओरडून. आयुष्यभर एकमेकांच्या तंबाखूत हात घातलेली माणसं आता चुन्याच्या रेघेवर पाय पडला तर भांडत होती. शालूबाईनं जुन्या पोलक्याच्या कापडाचे मुखपट्टे शिवले होते. आण्णाच्या तोंडावर तांबडी फुलं आली होती, आणि कोण हसतंय ते कळायची सोयच नव्हती. घरात शिरण्याआधी गोठ्यातल्या नळावर साबणानं कोपरापर्यंत धुवायचं, कपडे बाहेर टाकायचे, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची. हे सगळं आण्णा न चुकता करायचा. आक्काचा फोन पुन्हा आला नाही. यानंही केला नाही. उद्या करू म्हणता म्हणता अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सकाळी, कॅन पोचवून तो दारात गाडी लावत होता तेव्हा अतुलचा फोन आला. अतुल म्हणजे आक्काचा मुलगा.

"मामा, आई गेली."

आण्णा गाडीवर तसाच बसून राहिला.

"ते न्हवं मामा. ताप न्हवता, खोकला न्हवता. सकाळी चुलीफुडं बसलीती, तितंच कलंडली. डाक्टर बगून गेलाय, कागद बी दिलाय त्यानं."

"कवा उचलायचं?"

"दोनला. जास्ती येळ ठेवू देत न्हाईत. ईसच मानसं म्हंत्यात. मामा, तुमी कसं येणार? रस्ता..."

"येतो मी," आण्णा म्हणाला. "रस्त्याचं मी बगतो."

बोलून गेल्यावर ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. बारा दिवसांपूर्वी हेच म्हणता आलं असतं. तो खाली उतरला, नळावर गेला आणि सवयीनं कोपरापर्यंत हात धूत राहिला. रडू हात धुताना आलं, साबण हातालाच राहिला.

शालूबाईनं ट्रंक उघडली होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि ते हिरवं लागतं. हे कुणी कुणाला सांगायचं नव्हतं. तसं लुगडं घरात होतं. चैत्रातल्या गावच्या जत्रेला आक्का दर वर्षी माहेरी यायची, म्हणून फाल्गुनातच आण्णानं कोल्हापुरात मंगळवार पेठेतून हिरवंगार इरकल आणून ठेवलं होतं. जत्रा रद्द झाली आणि लुगडं घडीचं घडीत राहिलं.

"हे सुती हाय, जड हाय," शालूबाई म्हणाली. "ते नायलॉनचं हिरवं न्हेता का? बारकी घडी हुतीया. लपवाय बरं."

"नायलॉन नगं. आगीत अंगाला चिकटतंय ते," आण्णा म्हणाला. "आक्कानं जन्मात नायलॉन नेसलं न्हाय."

पास दुधाचा होता, म्हणून गाडीला दोन रिकामे कॅन बांधले. एकात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं ठेवून झाकण लावलं. शालूबाईनं भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "माझ्या बी नावानं दर्शन घ्या." तिला येता येत नव्हतं. पासावर एकच फोटो होता.

जयसिंगपूर, हातकणंगले निभावलं. पोलिसांनी कॅन बघितले आणि काठी हलवली. कोल्हापूरच्या तोंडाशी मात्र एका तरण्या शिपायानं कॅनवर काठी मारली. टण्ण आवाज आला.

"काय हो, रिकामंच वाजतंय की. दूध कुठाय?"

"घालून आलो."

"शिरोळचं दूध हितं घालून आलासा? उगडा."

आण्णानं झाकण काढलं. शिपायानं कॅनात हात घातला नाही. काठीच्या टोकानं वर्तमानपत्र उचकटलं, आणि आतून हिरवं दिसलं. बाकीचे हसले.

"दुधाच्या कॅनात लुगडं! कुनाला न्हेताय वो, ह्या वयात?"

आण्णाला रस्त्याकडेच्या रांगेत बसवलं. तिथं आणखी सात-आठ जण उकिडवे बसले होते, मधे हात-हात अंतर सोडून. डांबर तापलेलं. सावली समोरच्या झाडाखाली होती आणि ती पोलिसांसाठी होती. गुडघे दुखायला लागले तसा आण्णा खाली हात टेकून बसला, तर शिपाई ओरडला, "हात लावू नगा कुटं!" घड्याळात दहा झाले, साडेदहा झाले. मुखपट्ट्यातला श्वास तोंडावर गरम येत होता. आण्णानं एकदा उठून सांगायचा प्रयत्न केला, "सायेब, घरचं मानूस गेलंय, मातीला चाललोय," तर उत्तर आलं, "सकाळपास्नं तुमी धरून चार जण मातीलाच चाललाय."

अकराच्या सुमाराला एक म्हातारा हवालदार जेवून आला. त्यानं उघड्या कॅनात वाकून बघितलं आणि आण्णापुढं येऊन उभा राहिला.

"हिरवं हाय. बहीण काय?"

आण्णानं मान हलवली.

"थोरली?"

"थोरली."

"मग बसलाय कशाला? जावा की." आणि शिपायाकडं वळून तो म्हणाला, "हिरवं लुगडं घिऊन कोन खोटं बोलत न्हाय, बाळ."

शहर ओस पडलं होतं. पंचगंगेच्या पुलावर मधोमध कुत्रं झोपलं होतं आणि हॉर्न वाजवला तरी त्यानं मान उचलली नाही. इतका रिकामा रस्ता आण्णानं जन्मात बघितला नव्हता. दुकानं, रसवंत्या, वडापावचे गाडे सगळं झाकलेलं. गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. बोलायला माणूस नाही, शिव्या द्यायलासुद्धा कुणी आडवं येत नाही. तो स्वतःशीच बोलत चालला, "आलो आक्का, आलो."

रत्नागिरीच्या रस्त्याला लागल्यावर प्रत्येक गावाच्या फाट्यावर दगड, काटेरी फांद्या आणि पाट्या होत्या. बांबवड्याच्या पुढं त्याला पाणी हवंसं झालं. रस्त्याकडेच्या घरापुढं गाडी थांबवून त्यानं लांबूनच पाणी मागितलं. बाई आत गेली आणि भरलेला तांब्या अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवून मागं सरली. आण्णा प्याला आणि तांब्या परत गडग्यावर ठेवायला लागला.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," बाई घाईनं म्हणाली. "तांब्या घिऊनच जावा. परत नगं."

चांगला पितळी तांब्या होता. पाणी पाजल्याबद्दल आभार मानावेत की काय करावं ते आण्णाला कळेना. त्यानं तो दुसऱ्या कॅनात टाकला. पुढच्या सगळ्या वळणांवर तो आत खडखडत राहिला.

वाडीच्या शिवेवर करवंदीच्या काट्यांचा हा एवढा ढीग घातला होता. मागं चौघं जण उभे होते. सगळ्यांची तोंडं टॉवेलांनी बांधलेली. एकाच्या पाठीवर फवारणीचा पंप होता.

"थांबा तितंच!" पंपवाला ओरडला. "कुठलं पावणं?"

आवाज ओळखीचा होता. गेल्या वर्षी याच आवाजानं "पावणं आलं" म्हणून वाडी गोळा केली होती.

आण्णानं मुखपट्टा खाली ओढला. "उदयसिंह, मी गुंडू. झुंबरबाईचा भाऊ."

"ते वर करा आदी. वर करा!" उदयसिंह दोन पावलं मागं गेला. मग ओशाळून म्हणाला, "वळीकलं आण्णा. पर आत सोडता याचं न्हाय. कमिटीचा ठराव हाय. बाहीरचा मानूस आत आला की ते घर सील, आन मातीला आलेली समदी मानसं शाळंत."

"मला घाला शाळंत. म्हैनाभर घाला. फकस्त तोंड बगू द्या."

"तुमास्नी घालू वो. तुमच्या दाजींस्नी कसं घालू? ह्या वयात? आज?"

एवढ्यात अतुल आला. केस विस्कटलेले, पाय अनवाणी. मामाला बघून तो पुढं धावला आणि काट्यांपाशी थांबला. दोघांत सहा हातांचं अंतर. एरवी मामाच्या गळ्यात पडून रडायचं, अशी वेळ होती. अतुल रिकामे हात लोंबकळत ठेवून उभ्या उभ्या रडला. मग म्हणाला, "मामा, लुगडं तेवढं द्या. बायका खोळंबल्यात."

लुगडं काट्यांजवळच्या दगडावर ठेवलं गेलं.

"तसंच न्हेऊ नगंस," उदयसिंह म्हणाला. "कापडावर तीन तीन दीस ऱ्हातोय म्हंत्यात. औशीद मारून देतो."

त्यानं पंपाला हवा भरली. अतुलनं दोन काठ्यांवर लुगडं उलगडून धरलं आणि उदयसिंहनं ते मन लावून फवारलं. आधी एक बाजू, मग दुसरी, मग पदर, मग काठ. कुठं कोरडं राहू दिलं नाही. गड्याला काम चोख करायची सवय होती. हवेत उग्र वास सुटला. पुरानंतर घरं धुवायला दिलेल्या पावडरीचा वास असायचा, तसा. आण्णाच्या डोळ्यांना पाणी आलं. पण त्या दिवशी डोळ्यांना पाणी यायला वासाची गरज नव्हती, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ओलं लुगडं घेऊन अतुल गेला.

आण्णा आपल्या बाजूला दगडावर बसला. वरच्या घरांतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. त्यात कोण कुणाचं ते कळत नव्हतं. अर्ध्या तासानं वाटेवर काठी टेकत कुणीतरी येताना दिसलं. ते दाजी होते, आक्काचे नवरे. गणपतराव, पंचाहत्तर वर्षांचे, छातीनं अधू. मागं अतुल, त्याच्या हातात लुगडं.

अतुलनं ते उलगडून दाखवलं. जिथं धार जास्त बसली होती तिथं पांढरंफटक पडलं होतं. बाकीचं पिवळट, मधे मधे हिरव्याचे डाग. फक्त काठ तांबडा राहिला होता. उन्हात ते अजून वाळत होतं आणि बघता बघता आणखी पांढरं होत होतं.

उदयसिंहनं पंप पाठीवरून उतरवला. "काका... माझ्या हातनं झालं. आईशप्पत, मला ठावं न्हवतं."

दाजींनी त्याच्याकडं बघितलंही नाही. धाप लागली होती, ती जिरू दिली आणि आण्णाला म्हणाले, "बायका म्हंत्यात, सवाष्णीला पांढरं कसं नेसवायचं? घरातलं हिरवं हाय, ते नेसवूया. मी म्हनलं, भावाला इच्यारतो."

आण्णा दोन्ही हात जोडून उभा राहिला.

"तिनं तुझी लई वाट बगितली, गुंडू," दाजी म्हणाले. "रोज उठून अतुलला इच्यारायची, रस्ता उगडला का, गुंडूचा रस्ता उगडला का. आता आलाईस, तर तुझंच नेसवायचं. मी जिता हाय, हे तिला ठावं हाय. ते लुगड्यानं कशाला सांगाय पायजे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. खिशातला पास काढून दाखवायला हवा होता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सगळ्यांची तोंडं बांधलेली होती, आणि बांधलेल्या तोंडाला गप्प राहणं फार सोपं जातं. आण्णानं नुसती मान हलवली. दाजी काठी टेकत माघारी गेले.

दोन वाजता तिरडी निघाली. मसणवाटा ओढ्यापलीकडं होता. शिवेवरून झाडांच्या मधून तेवढा तुकडा दिसायचा. मोजकी माणसं, एकमेकांपासून लांब लांब चालणारी. त्यांच्या खांद्यावर ते पांढरं-हिरवं काहीतरी उन्हात चमकलं आणि जांभळीच्या आड गेलं. मग धूर दिसला. तिकडं माती द्यायची वेळ झाली असेल असं वाटून आण्णानं खाली वाकून चिमूटभर माती घेतली आणि कुठं टाकावी ते न कळून आपल्याच पायाशी टाकली. बायकोचं दर्शन राहिलं होतं. तिच्या नावानं त्यानं आणखी एकदा कपाळ जमिनीला टेकलं. उदयसिंह काट्यांपलीकडून बघत होता. त्यानं पंपाच्या नळीनं आण्णाची गाडी, कॅन, बसायची जागा, सगळं फवारलं. तो कमिटीचा नियमच होता. मग तोही हात जोडून उभा राहिला.

सूर्य कलला तेव्हा आण्णा आपल्या गावात पोचला. शिवेवर त्याचेच लोक होते, संस्थेत रोज शेजारच्या गोलात उभे राहणारे. कुणी वाद घातला नाही, त्यानंही घातला नाही. शाळेचा चौथीचा वर्ग झाडून ठेवला होता. सतरंजी, बादली, साबण आणि भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची चित्रं. कॅनातला तांब्या तेवढा त्यानं बरोबर घेतला. दार लावून माणसं गेली आणि वर्गात तो एकटा राहिला. फळ्यावर मार्च महिन्यातली तारीख तशीच होती.

रात्र कशी गेली ते विचारू नये. दुसरा दिवसही तसाच गेला. शालूबाई दोन वेळा यायची, डबा पायरीवर ठेवायची, मागं सरून फाटकाशी उभी राहायची, तो उचलेपर्यंत. कंबर धरून धरून ती दोन्ही म्हशींच्या धारा काढत होती. "देतीया की दूध," ती लांबून सांगायची. "तुमच्याबिगार काय आडलं न्हाय." ती चिडवायला बोलली होती. आण्णाला ते लागलं. चौदा दिवस त्याच्याविना निभणारच होते, हे बारा दिवस उशिरा कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. सकाळी नऊला अतुलचा फोन आला. मागं वारा वाहत होता आणि माणसांची कुजबुज होती.

"मामा, कावळा शिवंना."

"किती येळ झाला?"

"तास झाला. भाकरी हाय, वांग्याची भाजी हाय, च्या ठेवलाय. जांभळीवर धा कावळं बसल्यात, खाली एक उतरंना. समदी म्हंत्यात, लुगडं पांढरं गेलं, म्हनून रुसलीया. उदयसिंह रडला हितं. काकू, चुकलं माझं, म्हनला. हिरवं इरकल देवीला घालतो, म्हनला. तरी न्हाय. आमच्या आबांनी सांगितलं, माझी काळजी करू नगंस. प्रीतीनं सांगितलं, मी सून हाय, आबास्नी संबाळतो. तरी न्हाय. आता तुमीच बोला मामा. तुमच्यावर तिचा लई जीव. आवाज मोठा केलाय, घासाजवळ फोन ठेवतो."

आण्णा सतरंजीवरून उठला. वर्गाच्या मधोमध उभा राहिला. तिथं कुणी नव्हतं, तरी मुखपट्टा बांधलेलाच होता. त्यानं तो सोडला आणि खिशात कोंबला.

"आक्का," तो म्हणाला. "मी गुंडू."

पलीकडं कुजबुज थांबली.

"लुगड्याचं न्हवं, मला ठावं हाय. आक्का, तू ये म्हनलीस तवा रस्ता बंद हुता. समद्यास्नी हुता. मला न्हवता. माझ्या खिशात पास हुता गं. दुधाचा. त्याच पासावर परवा आलो. तवा बी आलो असतो. मी भ्यालो. शाळंत कोंडत्यात म्हनून भ्यालो, मरतोय म्हनून भ्यालो. म्हशीचं निमित्त केलं." त्यानं फोन तोंडाच्या आणखी जवळ धरला. "दाजी, ऐकताय न्हवं? रोज इच्यारायची म्हनलासा न्हवं, गुंडूचा रस्ता उगडला का? उगडाच हुता, दाजी. मी खोटं बोललो. मेल्यावर आलो. जिती असताना आलो न्हाय."

पलीकडून काहीच ऐकू येईना. नुसता वारा. कुणीतरी खोकलं आणि तेही पुन्हा गप्प झालं. रेंज गेली की काय म्हणून आण्णानं फोन कानापासून काढून बघितला, पुन्हा लावला.

मग पंखांचा फडफडाट झाला, अगदी फोनजवळ. आणि एकदम सगळे बोलायला लागले.

"शिवला! मामा, शिवला! भाकरीलाच शिवला!" अतुल ओरडत होता. "दोन आलं, तीन आलं! सुटली मामा, आई सुटली!"

मागून उदयसिंहचा आवाज आला, "सुटलो रं देवा." बायकांचं रडणं मोकळं झालं होतं. अतुल दाजींना म्हणताना ऐकू आला, "आबा, घ्या, मामा हाय फोनवर." थोडा वेळ दाजींचा धापेचा श्वास तेवढा ऐकू आला. मग फोन बंद झाला.

तिकडं सगळी सुटली होती. आण्णा बाकावर बसला. बाक चौथीतल्या मुलांचा होता, गुडघे वर आले. कावळा शिवला याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला एकच गोष्ट दिसत होती. आक्काला दुसरं काही ऐकायचं नव्हतं, हेच ऐकायचं होतं. म्हणजे तिला ठाऊक होतं. "बरं बरं" म्हणाली तेव्हाच ठाऊक होतं. आणि तरी ती रोज सकाळी रस्त्याचं विचारत राहिली, भावाची अब्रू घरच्यांपुढं जाऊ नये म्हणून.

फाटक वाजलं. शालूबाईनं पायरीवर डबा ठेवला आणि मागं सरली. आण्णा दारात आला. त्या अनोळखी बाईच्या तांब्यातलं पाणी ओतून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, चित्रात दाखवले होते तसे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"शिवला का?" शालूबाईनं फाटकाशी उभं राहून विचारलं.

"शिवला."

"मग जेवा आता. गार हुतंय."

कशानं शिवला, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवशी गोठ्यात फोन तिनंच त्याच्या कानाला लावून धरला होता.